सर्कशीची कौशल्ये आणि प्राथमिक शाळेचे अंगण



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाची तासिका असते. घंटा होते, मुले आरोळ्या ठोकीत अंगणात धावतात, गुरुजी कपाटातून चेंडू काढून देतात. पाच मिनिटांच्या आत वर्गातील सात-आठ चपळ मुले त्या चेंडूचा ताबा घेतात. काही मुले त्यांच्यामागे निष्फळ धावत राहतात. उरलेली भिंतीच्या सावलीत, झाडाच्या पारावर किंवा मैदानाच्या कडेला उभी राहून पाहू लागतात. त्यांत मुली अधिक असतात. लठ्ठ मुलगा असतो, फार कृश मुलगा असतो, नुकताच गावात आलेल्या ऊसतोड कामगाराचा मुलगा असतो. शर्यत लावली तर हीच मुले शेवटी येतात, संघ निवडायचे झाले तर हीच मुले शेवटी निवडली जातात. आठवड्यामागून आठवडे हाच अनुभव आला म्हणजे मूल एक धडा पक्का शिकते. ‘खेळ हा आपला विषय नव्हे’ हा तो धडा होय. शारीरिक शिक्षणाच्या तासिकेने मुलाला शरीराविषयी विश्वास द्यावयाचा, तेथे अविश्वास मिळतो.

या कडेच्या मुलांना अंगणाच्या मध्यभागी कसे आणावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचे एक उत्तर अनपेक्षित दिशेने येते. झेलणे, तोल सांभाळणे, दोरीवरून चालणे, एकमेकांच्या आधाराने मनोरे रचणे ही सर्कशीची साधी कौशल्ये जगातील अनेक देशांत प्राथमिक शाळांच्या शारीरिक शिक्षणात शिकविली जातात. ‘सर्कस’ हा शब्द कानी पडताच अनेक पालकांच्या व शिक्षकांच्या कपाळाला आठी पडेल. ती का पडते आणि तिचे निरसन कसे करावे, याचाही विचार पुढे केला आहे.

एका व्यायामशिक्षकाची परंपरा

आधुनिक सर्कशीचा आरंभ १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने केला, असे मानले जाते. सुमारे १३ मीटर व्यासाच्या वर्तुळात घोडा दौडत ठेवला म्हणजे त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते, हे त्याने हेरले होते. आजही सर्कशीचे रिंगण सामान्यतः त्याच मापाचे असते.

भारतीयांपैकी हे रिंगण प्रथम आखले ते एका मराठी माणसाने. कुरुंदवाड संस्थानात अश्वविद्येचे जाणकार म्हणून वावरलेले विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत आलेली कियारिनी यांची इटालियन सर्कस पाहिली. अशी सर्कस भारतीयांना उभारता येणार नाही, असे उद्गार त्या वेळी निघाले आणि छत्र्यांनी ते आव्हान म्हणून स्वीकारले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी १८८० साली छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा खेळ मुंबईत झाला, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली आहे. पुढे देवल, कार्लेकर आदींच्या सर्कशींनी दक्षिण महाराष्ट्राचे नाव देशभर नेले.

शिक्षकांच्या दृष्टीने या इतिहासाचे पुढचे पान अधिक महत्त्वाचे आहे. छत्र्यांची सर्कस केरळातील तेलिचेरी, म्हणजे आजच्या थलश्शेरी, या गावी गेली असता त्यांची भेट कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी झाली. कुञ्ञिकण्णन हे तेथील मिशन शाळेत व्यायाम शिकविणारे शिक्षक होते. सर्कशीला लागणारी कसरत पद्धतशीरपणे शिकविता येईल, हे त्या शिक्षकाने ओळखले आणि १९०१ साली थलश्शेरीजवळ सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी पुढे अनेक सर्कशी काढल्या, कित्येक गाजविल्या. भारतीय सर्कशीच्या मुळाशी अशा रीतीने एका शाळेच्या व्यायामशिक्षकाचे परिश्रम आहेत. शाळेतून रिंगणात गेलेली ही विद्या पुन्हा शाळेत आणणे, यात काही विपरीत नाही.

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेचाही या विद्येशी जवळचा संबंध आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवजीवन दिले. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि १९२५ पासून दादर येथे कार्य करणारे समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या संस्थांनी ही परंपरा टिकविली. दोरीच्या मल्लखांबाने मुलींना या क्षेत्रात मानाचे स्थान मिळवून दिले. घराच्या ओसरीवर खेळले जाणारे सागरगोटे तरी दुसरे काय आहेत? एक गोटा हवेत उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा अलगद झेलायचा, ही सर्कशीतील झेलकौशल्याची पहिली पायरीच होय. ती मराठी मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या गिरविली आहे. शाळेने तिला कधी शारीरिक शिक्षण म्हटले नाही, एवढेच.

अन्य देशांतील अनुभव

मुलांसाठी सर्कस हा प्रयोग परदेशांत नवा नाही. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहरात १९४९ साली मुलांची सर्कस सुरू झाली. ऑस्ट्रेलियात आल्बरी-वडोंगा या जुळ्या शहरांत १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात ‘फ्लाइंग फ्रूट फ्लाय सर्कस’ हा मुलांचा उपक्रम सुटीतील कार्यक्रम म्हणून सुरू झाला. १९८३ साली चीनच्या नानजिंग येथील कसरतपटूंनी तेथे येऊन मुलांना शिकविले आणि त्या उपक्रमाला स्थैर्य आले.

कॅनडातील क्वेबेक प्रांताचे उदाहरण मात्र शाळेच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. त्या प्रांताला सर्कशीची मोठी प्राचीन परंपरा नव्हती. १९८१ साली माँट्रियल येथे राष्ट्रीय सर्कस विद्यालयाची स्थापना झाली आणि काही दशकांत ते शहर या कलेचे जागतिक केंद्र बनले. ही कौशल्ये शाळेच्या तासिकेतही पोहोचली, आणि त्यांचा परिणाम मोजण्याचा प्रयत्न कॅनडातील संशोधकांनी केला. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. चौथी व पाचवीच्या इयत्तांतील मुलांची त्यांनी पाहणी केली. काही शाळांत शारीरिक शिक्षणात सर्कशीची कौशल्ये शिकविली जात होती, तर त्यांच्याशी तुलना करण्याजोग्या अन्य शाळांत नेहमीचा अभ्यासक्रम होता. धावणे, उडी, फेक, झेल, तोल अशा अनेक हालचालींत सर्कशीची कौशल्ये शिकणारी मुले सरस ठरली. त्यांचा आत्मविश्वास आणि सहभागही अधिक दिसला. विशेष लक्षणीय बाब अशी की, मुलगे आणि मुली यांच्या शारीरिक कौशल्यात सामान्यतः जे अंतर आढळते, ते या शाळांत कमी होते.

एका अभ्यासावरून सर्व जगासाठी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तथापि हे अंतर कमी का होते, याचे कारण समजण्यासारखे आहे. चेंडूच्या सांघिक खेळात मुलगे शाळेत येण्यापूर्वीच चार वर्षे पुढे असतात, कारण गल्लीत ते खेळलेले असतात. तीन पिशव्या झेलण्यात किंवा काठी तळहातावर उभी करण्यात कोणीच पुढे नसते. सर्व वर्ग एकाच रेषेवरून निघतो. येथे प्रतिस्पर्धी नाही, म्हणून हरणेही नाही. कालचे सहा झेल आज आठ झाले, एवढाच हिशेब असतो, आणि तो ज्याचा त्याच्यापाशी राहतो.

झेलकौशल्याच्या सरावाचा मेंदूवरही परिणाम होतो, असे दिसून आले आहे. २००४ साली जर्मनीतील संशोधकांनी २४ तरुण व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्यांनी तीन महिने तीन चेंडूंचे झेल शिकले. हालचाल पाहून ओळखण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागातील करड्या द्रव्यात त्यांच्या बाबतीत वाढ आढळली आणि सराव थांबविल्यावर ती काहीशी ओसरली. ही पाहणी प्रौढांची होती, बालकांची नव्हती. झेल शिकल्याने गणिताचे गुण वाढतील, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. शिकण्याने मेंदू बदलतो आणि सराव सोडल्यास तो लाभ टिकत नाही, एवढा बोध मात्र त्यातून निश्चित घेता येतो.

वर्गात काय शिकवावे

प्राथमिक शाळेपुरता विचार करता या कौशल्यांचे चार गट करता येतात : झेल, तोल, जमिनीवरील कसरत आणि जोडीने वा गटाने करावयाचे मनोरे. त्यांना विदूषकाच्या मूकाभिनयाची जोड दिली म्हणजे लाजाळू मुलालाही वाव मिळतो.

झेलासाठी प्रारंभी चेंडू वापरू नयेत. चेंडू पडला की घरंगळतो आणि तासिकेचा अर्धा वेळ तो शोधण्यात जातो. पातळ ओढणीचे हातरुमालाएवढे तुकडे हे पहिले साधन होय. ते हवेत सावकाश उतरतात आणि मुलाला विचार करण्यास अवधी मिळतो. त्यानंतर चिंचोके किंवा ज्वारी भरून शिवलेल्या मुठीएवढ्या कापडी पिशव्या घ्याव्यात. प्रथम एकच पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमानीने जावी. मग दोन. पहिली पिशवी कमानीच्या माथ्यावर पोहोचली की दुसरी सोडायची. ‘फेक, फेक, झेल, झेल’ असा ताल गुरुजींनी तोंडाने धरावा. बहुतेक मुले दुसरी पिशवी वर न फेकता घाईने हातातून हातात देतात. ही चूक प्रत्येकाची होते, हे आधीच सांगून ठेवावे. पिशव्या पुढे पुढे जाऊ लागल्या तर मुलांना भिंतीकडे तोंड करून उभे करावे, म्हणजे हात आपोआप सावरतो. तिसरी पिशवी देण्याची घाई करू नये. काही मुलांना ती पंधरा दिवसांत येईल, काहींना वर्ष लागेल.

तोलासाठी मोरपिसासारखे सुंदर साधन नाही. गळून पडलेले मोरपीस तळहातावर उभे धरावे आणि नजर वरच्या डोळ्यावर ठेवावी. हाताकडे पाहिले की पीस पडते, टोकाकडे पाहिले की राहते. पिसानंतर काठी घ्यावी. लांब काठी आखूड काठीपेक्षा सोपी जाते, आणि झाडूचा जड भाग वर ठेवला तर तोल अधिक सहज साधतो, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. असे का होते, हा प्रश्न मग विज्ञानाच्या तासिकेत न्यावा. जड भाग वर असला म्हणजे झाडू सावकाश कलतो आणि हात सावरण्यास वेळ मिळतो, हे उत्तर ज्याने तळहातावर अनुभवले, त्याला ते घोकावे लागत नाही. चालण्याच्या तोलासाठी जमिनीवर आखलेली रेषा, तिच्यावर पसरलेला दोर, त्यानंतर एक वीतभर उंचीची फळी, हा क्रम पुरेसा आहे. फळीवर दोन्ही हातांत आडवा बांबू धरून चालले की शरीर स्थिर राहते, हाही एक पदार्थविज्ञानाचा पाठच होय.

मनोऱ्यांत मुले परस्परविश्वास शिकतात. तीन मुलांचा एक गट करावा : एक आधार देणारा, एक चढणारा आणि एक सांभाळणारा. चारी पायांवर ओणवे राहिलेल्या मुलाच्या पाठीच्या मध्यावर कधीही भार येता कामा नये. चढणाऱ्याचे गुडघे कमरेच्या हाडावर आणि हात खांद्यांवर असावेत. ‘उतर’ हा शब्द कोणीही उच्चारला की तत्काळ, परंतु ठरलेल्या क्रमाने, उतरावे. भूमिका दर वेळी बदलाव्यात. धावण्याच्या शर्यतीत मागे राहणारा स्थूल मुलगा येथे उत्तम आधार ठरतो आणि त्याच्यावाचून मनोरा उभा राहात नाही. वर्गाने आपल्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे, हे त्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असल्या तरी अंगणाचे चार कोपरे करून चार गट फिरते ठेवता येतात. मनोरे आणि कोलांटउड्या ज्या कोपऱ्यात असतील, तेथे शिक्षकाने स्वतः उभे राहावे. उरलेल्या कोपऱ्यांत मुले एकमेकांना शिकवितात. शिक्षकाला तीन पिशव्या झेलता आल्याच पाहिजेत, असे नाही. बाईंच्या हातूनही पिशवी पडते आणि त्या हसून ती उचलतात, हे पाहणे मुलांच्या दृष्टीने मोठे शिक्षण असते.

साहित्य आणि सुरक्षितता

या उपक्रमाला मोठा खर्च नाही. शिंप्याकडील कापडाचे तुकडे, चिंचोके, बांबू, दोर, सायकलच्या जुन्या टायर आणि एक रुंद फळी एवढ्यावर वर्षाचे काम भागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे, असे निकष घालून दिले. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय प्राथमिक शाळेसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद करण्यात आली. पिशव्या व ओढण्यांचा संच त्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात तयार होतो आणि पालकसभेत शिवून घेतला तर शिलाईचाही खर्च वाचतो.

पैसा थोडा लागतो, परंतु दक्षता पुरेपूर लागते. कोलांटउडी कठीण जमिनीवर घेऊ नये. आखाड्याची मऊ माती, वाळूचा हौद किंवा जाड गादी अवश्य हवी. हनुवटी छातीला टेकवून, मानेवर वा डोक्यावर भार न घेता गोल फिरणे हे प्रथम शिकवावे, आणि ज्याला भीती वाटते त्याला त्या दिवशी सोडून द्यावे. प्राथमिक शाळेत उंचावरील दोर, झोके, आग, चाकू, काच यांना स्थान नाही. मुलाचे अंग बळाने वाकवून लवचीकपणा आणण्याचा प्रयत्न हा गुन्हा समजावा. दोरीचा मल्लखांब केवळ प्रशिक्षित मार्गदर्शक असेल तेथेच घ्यावा.

मनोरा दोन थरांहून उंच जाऊ नये. उंचीचा मोह किती घातक असतो, हे दहीहंडीच्या अनुभवाने महाराष्ट्राला शिकविले आहे. १४ वर्षांखालील मुलांना दहीहंडीच्या थरांत सहभागी होऊ दिले जाणार नाही, असे राज्य शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे सांगितले. जो नियम उत्सवाला, तोच विवेक शाळेला. येथे उंची हे यशाचे माप नव्हे, सुरक्षित उतरणे हे माप होय.

मूल ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे

आता कपाळावरील त्या आठीकडे वळणे आवश्यक आहे. सर्कशीच्या तंबूमागे मुलांचे काय होत असे, हे समाजाला ठाऊक आहे. गरीब कुटुंबांतील मुले करारावर आणली जात, घरापासून दूर ठेवली जात आणि मारहाणीच्या धाकाने शिकविली जात. अशा तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आणि १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले. २०१६ साली बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपट, दूरदर्शन मालिका, क्रीडा आदी क्षेत्रांत बालकलाकारांना काही अटींवर मुभा देताना त्या कायद्याने सर्कशीला स्पष्ट शब्दांत वगळले.

मग ज्या व्यवसायापासून कायद्याने मुलांना दूर ठेवले, त्याची कौशल्ये शाळेत का आणावीत? याचे उत्तर त्या कायद्याच्या हेतूतच आहे. कायद्याचा आक्षेप तोल सांभाळण्याला किंवा झेल घेण्याला नाही. मुलाच्या शरीराचा दुसऱ्याच्या उत्पन्नासाठी आणि करमणुकीसाठी होणारा वापर त्याला अमान्य आहे. शाळेत हेच कौशल्य मुलाच्या स्वतःच्या वाढीसाठी येते. ही सीमारेषा पुसट होऊ नये म्हणून काही पथ्ये पाळली पाहिजेत. पाहुण्यांच्या स्वागतासाठी मुलांच्या कसरतींचा कार्यक्रम ठेवण्याचा मोह आवरावा. स्नेहसंमेलनात काही सादर करावयाचे झाल्यास सर्व वर्गाने करावे, निवडक चौघांनी नव्हे, आणि ज्याला पुढे यावयाचे नाही त्याच्यावर सक्ती करू नये. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. भेदरलेल्या मुलाला सर्वांदेखत फळीवर चढविणे हाही छळाचाच प्रकार होय.

डोंबाऱ्याचे मूल

या विषयाचा महाराष्ट्रापुरता सर्वांत गंभीर भाग शेवटी मांडावयाचा आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी चौकात दोन बांबूंच्या तिकाटण्यांवर दोर बांधून ढोलकीच्या तालावर चालणारी सात-आठ वर्षांची मुलगी अनेकांनी पाहिली असेल. डोंबारी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या या समाजाने जी विद्या सांभाळली, तिला समाजाने विद्या म्हटले नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातील भिक्षेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे याबरोबरच खेळ करून दाखविण्याच्या निमित्ताने पैसे मागण्याचाही समावेश केला गेला. लोकांनी टाळ्या वाजविल्या, नाणी फेकली, आणि कायद्याने त्या कलेला भिक्षेच्या रांगेत बसविले.

त्या मुलीची जागा दोरावर नाही, वर्गात आहे. याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु ती वर्गात येते तेव्हा काय होते, याचा विचार शिक्षकांनी करावा. वाचनात ती मागे असते, कारण शाळा अनेकदा बुडालेली असते. तिची भाषा वेगळी, कपडे वेगळे, पत्ता अस्थिर. तिला जे उत्तम येते, ते शाळेत कोणी विचारीत नाही. उलट त्यावरून तिला चिडविले जाते. ती ते लपवू लागते आणि थोड्याच दिवसांत तिची जागा रिकामी होते. तोल आणि झेल हे ज्या शाळेत अभ्यासाचे विषय असतील, त्या शाळेत या मुलीला प्रथमच आपल्या घरचे काही ओळखीचे दिसेल. फळीवरून चालताना बांबू कसा धरावा, हे पाटलाच्या मुलाला ती शांतपणे सांगू शकेल. जी गोष्ट बाजारात लाजिरवाणी ठरली, तीच वर्गात ज्ञान ठरेल. असा एक दिवस तिला मिळाला तर दुसऱ्या दिवशी शाळेत येण्याचे कारण तिच्यापाशी असेल.

येथेही सावधगिरी हवी. ‘तू डोंबाऱ्याची ना, मग करून दाखव’ असे शिक्षकांनी कदापि म्हणू नये. तसे म्हणणे म्हणजे चौक उचलून वर्गात आणणे होय. तिने आपण होऊन पुढे यावे, अशी वाट पाहावी. तिच्या आईवडिलांपैकी कोणी मार्गदर्शनासाठी येण्यास तयार असल्यास त्यांना मानधन देऊन, गुरू म्हणून, खुर्ची देऊन बोलवावे. वाकून आत येण्याची सवय झालेल्या माणसाला शाळेने दिलेली ती खुर्ची फार मोठी वाटेल.

करता येण्याजोगे

सर्व शाळांतून एकाच दिवशी परिपत्रकाने हा उपक्रम सुरू करावा, असे सुचविण्याचा हेतू नाही. अशाने उपक्रम कागदावर यशस्वी होतात आणि अंगणात मरतात. केंद्रप्रमुखांनी इच्छुक शिक्षकांची दोन-तीन दिवसांची कार्यशाळा घ्यावी आणि ज्या तालुक्यात मल्लखांबाचे वा व्यायामशाळेचे जाणकार असतील, त्यांना तेथे बोलवावे. ग्रामपंचायतीने अंगणाची जमीन सपाट करून द्यावी, काटेकुटे व काच वेचून घ्यावी, वाळूचा एक हौद बांधून द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीने पालकांना हा उपक्रम प्रथम स्वतः पाहण्यास बोलवावे आणि त्यांच्याही हाती पिशव्या द्याव्यात. पालकांच्या मनातील शंका भाषणाने जात नाही, ती स्वतःच्या हातून पिशवी पडली की जाते. अधिकाऱ्यांनी तपासणीस गेल्यावर उत्तम कसरत करणारे मूल पाहावयास मागू नये. कडेला किती मुले उभी आहेत, ते मोजावे. तो आकडा कमी होत गेला तर उपक्रम योग्य वाटेवर आहे, असे समजावे.

दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने रिंगण आखले आणि एका शाळेतील व्यायामशिक्षकाने त्या रिंगणात पाऊल टाकण्याची रीत शिकविली. त्या रिंगणाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वर्तुळाला पहिली जागा नसते आणि शेवटची जागाही नसते. शाळेच्या अंगणात खडूने किंवा फक्कीने असे एक वर्तुळ आखून भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलांना आत बोलावणे, एवढे काम उद्याच्या तासिकेत कोणत्याही गुरुजींना किंवा बाईंना करता येईल.